कुराण आणि बायबल: धर्मग्रंथाकडे पाहण्याच्या दोन रीती (नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणाऱ्या कितीतरी नागपूरकरांना त्या टेकडीला जिच्यावरून नाव पडलं त्या सेमिनरीत, म्हणजे फादर घडवणाऱ्या विद्यालयात, काय शिकवतात, हे सांगता येत नाही. रमजानात मोमिनपुऱ्यात आवडीनं खायला जाणाऱ्यांना तिथल्या मशिदींत त्याच वेळी रात्रीच्या नमाजेत काय वाचलं जातंय, याची कल्पना नसते. मी या दोन्ही धर्मांचा नाही, पण दोन्हींचे ग्रंथ बरीच वर्षं वाचत आलो आहे. शेजारी, नातेवाईक आणि कॉलेजातली मुलं तेच तेच प्रश्न पुन्हा विचारतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

कुराण म्हणजे मुसलमानांचं बायबल, असं म्हटलं तर चालेल का?

पहिला गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन्ही पुस्तकं पवित्र, दोन्ही जाड, दोन्हींत इब्राहिम आणि मूसा भेटतात. साहजिकच आपण त्यांना शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला लागतो. पण त्या त्या धर्मात या पुस्तकांची जागा वेगळी आहे. मुसलमानाच्या श्रद्धेनुसार कुराण हेच ईश्वराचं बोलणं आहे. अल्लाहचे शब्द जसेच्या तसे, अरबी भाषेत, जिब्रील या फरिश्त्याच्या द्वारे पैगंबर मुहम्मदांपर्यंत आले. ख्रिस्ती माणसाला विचारलंत की देवानं स्वतःला जगापुढे पूर्णपणे प्रकट केलं ते कशात, तर तो पुस्तकाकडे बोट दाखवणार नाही. तो येशूचं नाव घेईल. योहानाच्या शुभवर्तमानाची (येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांपैकी एकाची) सुरुवातच अशी आहे की आरंभी शब्द होता, तो शब्द देव होता, आणि तो शब्द देही झाला. बायबल त्या येशूची साक्ष देतं.

म्हणजे कुराणाच्या बरोबरीनं ठेवायचंच असेल तर बायबल न ठेवता येशूला ठेवायला हवं. धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी हे अनेकदा मांडलं आहे, आणि दोन्ही धर्मांतले जुने वाद पाहिले की ते पटतं. इ.स. ३२५ मध्ये निकिया इथं बिशपांची जी मोठी परिषद भरली, तिथला वाद येशूबद्दल होता: तो देवानं निर्माण केलेला आहे, की अनादी काळापासून देवाबरोबरच आहे? परिषदेनं निर्णय दिला की तो निर्माण केलेला नाही. पुढे पाचशे वर्षांनी बगदादमध्ये अगदी त्याच धर्तीचा वाद पेटला, तो कुराणाबद्दल: ते निर्माण केलेलं आहे, की अल्लाहच्या वाणीसारखंच अनादी? खलिफा मामूननं ८३३ साली ‘निर्माण केलेलं’ हे मत सक्तीनं लादायला सुरुवात केली. इमाम अहमद इब्न हंबल यांनी तुरुंगवास आणि फटके सोसले, पण ते मत मानलं नाही. शेवटी सुन्नी परंपरेत त्यांचीच बाजू टिकली. एकाच जातीचा प्रश्न, पण एका धर्मात तो माणसाबद्दल विचारला गेला आणि दुसऱ्या धर्मात ग्रंथाबद्दल. माझ्या मते या विषयाची किल्ली इथे आहे. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

मग कुराण पैगंबरांनी लिहिलं असं का म्हणू नये?

कारण मुसलमानाच्या लेखी ते खरंही नाही आणि आदराचंही नाही. पैगंबर लेखक नव्हेत, त्यांनी फक्त पोहोचवलं. इ.स. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत सुरुवात झाली आणि ६३२ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत, सुमारे २३ वर्षं, आयती (कुराणातली वचनं) टप्प्याटप्प्यानं उतरत राहिल्या.

ग्रंथाची घडणही तशीच आहे. एकशे बारावी सूरह (अध्याय) ‘सांग: तो अल्लाह एक आहे’ अशी सुरू होते. पैगंबरांना आज्ञा मिळाली, त्यांनी ती लोकांना सांगितली, इतकंच असतं तर ‘सांग’ हा शब्द गळून गेला असता. पण तोही मजकुराचाच भाग मानला जातो आणि नमाज पढणारा प्रत्येक जण आजही ‘सांग’पासूनच म्हणतो. ऐंशीव्या सूरहची सुरुवात तर पैगंबरांना कानपिचकी देणारी आहे: एक आंधळा माणूस शिकायच्या ओढीनं आला आणि त्यांनी कपाळाला आठी घालून तोंड फिरवलं, म्हणून. स्वतःच्या मनानं लिहिणारा माणूस हे ग्रंथात कशाला ठेवील, असं श्रद्धाळू मुसलमान विचारतात.

पैगंबरांचं स्वतःचं बोलणं आणि वागणं हदीसमध्ये येतं. ती निराळी वाङ्मयशाखा आहे आणि तिचं स्थान कुराणाच्या खालोखाल आहे. संस्कृत परंपरेत वाढलेल्या वाचकाला श्रुती आणि स्मृती आठवतील. ते अगदी चुकीचं नाही, फक्त मीमांसा दर्शनाचे पंडित वेदांना अपौरुषेय म्हणताना त्यांचा कोणी वक्ताच मानत नाहीत. कुराणाला मात्र वक्ता आहे, आणि तो पानोपानी जाणवतो.

आणि बायबल? ते देवानं लिहिलं की माणसांनी?

ख्रिस्ती उत्तर: दोघांनी. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं माणसांनी लिहिलं. बायबल म्हणजे एका पुस्तकाच्या आकारात बांधलेलं ग्रंथालयच आहे. हजाराहून अधिक वर्षांत, हिब्रू, अरामी आणि ग्रीक भाषांत, राजांनी, संदेष्ट्यांनी, कवींनी आणि पत्रलेखकांनी लिहिलेलं.

त्या माणसांचे आवाज मुद्दाम पुसलेले नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन मी हे क्रमवार लिहितो आहे. म्हणजे ही एका अभ्यासकाची प्रस्तावना झाली. येशूचा प्रेषित पौल याची पत्रं बघा. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना तो म्हणतो, मी अमक्या-तमक्यांचा बाप्तिस्मा केला, आणखी कोणाचा केला की नाही ते आठवत नाही. त्याच पत्रात लग्नाविषयी सल्ला देताना तो स्पष्ट करतो की हे मी सांगतो आहे, प्रभू नव्हे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर निरोप आहे: त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि पुस्तकंही. विसरलेला झगा पवित्र शास्त्रात आला, याचं ख्रिस्ती माणसाला अवघड वाटत नाही, उलट जवळचं वाटतं. त्याचा देव माणूस होऊन माणसांत राहिला, तेव्हा त्याच्या ग्रंथाला माणसाचा वास असणारच.

मुस्लिम वाचक हेच वाचून थबकतो, कारण ईश्वरवाणीविषयीची त्याची अपेक्षा वेगळी आहे. येशूचं चरित्र, शिष्यांची पत्रं हे त्याला हदीस किंवा सीरतच्या (पैगंबरांच्या चरित्राच्या) जवळचं वाटतं. त्याचं थबकणं दुराग्रहातून येत नाही, हे ख्रिस्ती मित्रांनी जरूर समजून घ्यावं.

सगळे ख्रिस्ती एकच बायबल वाचतात का?

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, सगळ्यांचा सारखा आहे: २७ पुस्तकं. ही यादी आज आहे तशी अथानासियस या बिशपांच्या इ.स. ३६७ च्या पत्रात पहिल्यांदा दिसते. जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या भागात, फरक आहे. प्रोटेस्टंट ३९ पुस्तकं मानतात, कॅथलिक ४६. म्हणून एकाकडे एकूण ६६ आणि दुसऱ्याकडे ७३. ऑर्थोडॉक्स परंपरांत आणखी काही आहेत. कुराणाच्या ११४ सूरह सुन्नी-शिया सगळ्यांच्या त्याच.

मुसलमान तौरात, जबूर आणि इंजील मानतात ना? मग बायबल का वाचत नाहीत?

मानतात. आधीच्या किताबांवर विश्वास ठेवणं हा त्यांच्या ईमानाचाच भाग आहे. तौरात मूसांना, जबूर दाऊदना आणि इंजील ईसांना (येशूंना) दिली गेली, असं कुराण सांगतं. अडचण पुढे आहे. कुराणातली इंजील हा ईसांवर उतरलेला ग्रंथ आहे. ख्रिस्ती लोकांच्या हातातली चार शुभवर्तमानं मात्र मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवर आहेत आणि येशूबद्दल सांगणारी आहेत. येशूवर एखादं पुस्तक उतरलं, असं ख्रिस्ती कधीच म्हणत नाहीत.

बाकीचा फरक मुस्लिम विद्वान ‘तहरीफ’ या कल्पनेनं समजावतात, म्हणजे आधीच्या किताबांत झालेला बदल. त्यातही मतं दोन. स्पेनमधले इब्न हज्म (९९४–१०६४) यांच्यासारखे काही म्हणाले की मजकुरातच फेरफार झाला. दुसरे म्हणाले, शब्द बरेचसे तेच राहिले, अर्थ वाकवला गेला. दुसऱ्या मताचे लोक बायबलशी अधिक मोकळेपणानं बोलू शकतात. आपल्याकडच्या चर्चांत हे दुसरं मत फारसं ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ख्रिस्ती लोक कुराणाबद्दल काय म्हणतात?

ते त्याला ईश्वरी प्रकटीकरण मानत नाहीत. येशूमध्ये प्रकटीकरण पूर्ण झालं अशी श्रद्धा असल्यामुळे नंतरच्या ग्रंथाला तिथे जागा उरत नाही. कॅथलिक चर्चनं १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मुसलमानांविषयी जाहीरपणे आदर व्यक्त केला: ते एकाच देवाची उपासना करतात, येशूला संदेष्टा मानतात, मरियेचा सन्मान करतात. त्या निवेदनात कुराणाचा उल्लेख मात्र नाही.

एकच गोष्ट दोन्ही ग्रंथांत असेल तर ती सारखीच असते का?

योसेफाची गोष्ट घ्या. बायबलात ती उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या ३७ ते ५० या अध्यायांत आहे. कुराणात बारावी सूरह, सूरह यूसुफ, १११ आयतींची. कुराणात इतकी सलग सांगितलेली दुसरी लांब कथा नाही.

सांगाडा एकच: भावांचा मत्सर, खड्डा, मिसर (इजिप्त), मालकाच्या बायकोचा आळ, तुरुंग, स्वप्नांचे अर्थ, दुष्काळ, भेट. पण कपड्यांकडे लक्ष ठेवून वाचा. उत्पत्तीत मालकाची बायको योसेफाचं वस्त्र पकडते, तो ते तिच्या हातात टाकून पळतो आणि तेच वस्त्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतं. कुराणात सदरा मागून फाटतो. तिच्याच घरचा एक साक्षीदार म्हणतो, सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. म्हणजे वस्त्रच त्याचं निर्दोषत्व सिद्ध करतं. शेवटी यूसुफांचाच सदरा तोंडावर टाकल्यावर रडून दृष्टी गेलेल्या त्यांच्या वडिलांना, याकूबांना, पुन्हा दिसू लागतं. हा प्रसंग उत्पत्तीत नाही.

बापाकडेही बघा. रक्तानं माखलेला झगा पाहून बायबलातला याकोब फसतो. हिंस्र पशूनं मुलाला खाल्लं असं मानून तो आपले कपडे फाडतो आणि कोणाच्याही सांत्वनाला जुमानत नाही. कुराणातले याकूब पैगंबर आहेत. मुलांनी रचलेली गोष्ट त्यांना लगेच कळते आणि ते म्हणतात, आता सुंदर सबर (धीर) हाच मार्ग. दुःख दोघांनाही आहे. पण बायबल एका घराण्याचा इतिहास सांगतं, त्यातल्या चुकांसकट. भावांची नावं येतात, मध्येच यहूदा आणि तामारची वेगळी कथा येते, मिसरला गेलेल्या सत्तर जणांची यादी येते. कुराणात भावांची नावंच नाहीत. कथा संपता संपता वक्ता पैगंबरांकडे वळून म्हणतो, या अदृश्यातल्या वार्ता आम्ही तुला कळवतो आहोत, ते कट रचत होते तेव्हा तू तिथे नव्हतास.

मी मुलांना नेहमी हीच कथा दोन्ही ग्रंथांतून वाचायला सांगतो. अशा वाचनात ‘कोणी कोणाची नक्कल केली’ हा वाद मागे पडतो आणि प्रत्येक ग्रंथ कशासाठी बोलतो आहे ते कळायला लागतं.

कुराणात येशू आणि मरिया आहेत का?

आहेत, आणि मोठ्या सन्मानानं. कुराणात नावानं येणारी स्त्री एकच, मरियम. एकोणिसावी सूरह तिच्याच नावाची आहे. ईसांचा जन्म कुमारीपोटीच झाला, असं कुराणही सांगतं. त्यांना अल्लाहचा ‘शब्द’ असंही म्हटलं आहे, पण योहानाच्या अर्थानं नव्हे. ते ईश्वराचे पुत्र नव्हेत आणि त्यांना क्रुसावर मारलं गेलं नाही, हे कुराण स्पष्ट बजावतं. नेमक्या याच दोन गोष्टींवर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे.

नमाज मराठीत का पढत नाहीत? चर्चमध्ये तर सगळं मराठीत चालतं.

शब्दच ईश्वराचे असतील तर ते बदलून कसे चालतील? मुस्लिम दृष्टीनं भाषांतर म्हणजे अर्थ समजावून देणं. ते उपयोगी आहे, पण ते कुराण नव्हे. म्हणून नमाजेतली तिलावत (कुराणाचं पठण) अरबीतच होते आणि लहान मुलं अर्थ कळायच्या आधी उच्चार शिकतात. भाषांतराला बंदी होती असं मात्र समजू नका. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी फारसीत आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी उर्दूत भाषांतर केलं. मराठीतही कुराणाची भाषांतरं आहेत.

ख्रिस्ती परंपरा पहिल्या दिवसापासून भाषांतरावर चालली. येशू अरामी बोलत आणि शुभवर्तमानं आपल्याला मिळाली ती ग्रीकमध्ये. त्यामुळे त्याचं बोलणं मराठीत आणताना काही निसटतं अशी धास्ती तिथे नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. बंगालमधल्या श्रीरामपूर मिशनच्या विल्यम कॅरींनी १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झालं. त्याच १९२४ मध्ये कैरोत कुराणाची ती अरबी आवृत्ती छापली गेली, जी पुढे जगभर प्रमाण मानली गेली. एकीकडे ग्रंथ साध्या बायकांच्या मराठीत उतरवण्याची धडपड, दुसरीकडे अरबीतला काना-मात्राही ढळू नये म्हणून घेतलेले कष्ट. दोन्हींमागची निष्ठा मला सारखीच मोठी वाटते.

नागपूरचाही यात एक धागा आहे. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात होते. १८९३ मध्ये राजनांदगावला रेल्वेनं जाताना एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनानं ते हलून गेले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची चाल दिली.

हाफिज कोणाला म्हणतात? ख्रिस्ती लोकांत तसं कोणी असतं का?

संपूर्ण कुराण तोंडपाठ असणाऱ्याला हाफिज म्हणतात. रमजानात तरावीहच्या (रात्रीच्या खास) नमाजेत हाफिज रोज थोडं थोडं करून कुराणाचे तीसही पारे (भाग) म्हणतो आणि मागे उभा असलेला दुसरा जाणकार चूक झाली तर लगेच दुरुस्त करतो. कुराण आधी कानांचं आणि जिभेचं, मग कागदाचं. यमामाच्या लढाईत अनेक पाठक मारले गेले, तेव्हा खलिफा अबू बकर यांच्या काळात जैद इब्न साबित यांनी ते एकत्र लिहून काढलं. पुढे उस्मान यांच्या खिलाफतीत (६४४–६५६) प्रमाण प्रती तयार होऊन वेगवेगळ्या शहरांत गेल्या.

ख्रिस्ती लोक वचनं आणि स्तोत्रं पाठ करतात, पण सगळं बायबल पाठ करायची प्रथा नाही. तिथे भर असतो वाचनावर आणि त्यावरच्या प्रवचनावर.

पाठभेदांचं काय?

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं पाच हजारांहून जास्त आहेत आणि त्यांत फरकही आहेत. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली सुंदर गोष्टही तशीच. आजची बायबलं हे कंसात किंवा तळटिपेत छापतात आणि सेमिनरीत ते उघडपणे शिकवलं जातं. कुराणाच्या बाबतीत वाचनाच्या मान्य पद्धती आहेत, त्यांना किराअत म्हणतात. दहाव्या शतकात इब्न मुजाहिद यांनी त्यांपैकी सात प्रमाण ठरवल्या. आपल्याकडे हफ्स यांची रिवायत (त्यांच्याकडून आलेली वाचनपद्धती) चालते. परंपरा यांना पैगंबरांपर्यंत पोहोचणारी वाचनं मानते, लेखनिकांच्या चुका मानत नाही.

जुन्या करारात डुक्कर निषिद्ध आहे, मग ख्रिस्ती लोक कसे खातात?

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात निषेध आहे. पण नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र याला दृष्टान्त होतो की देवानं शुद्ध केलेलं तू निषिद्ध मानू नकोस. पुढे यरुशलेमेच्या सभेत, यहुदी नसलेल्यांवर मोशेच्या (मूसांच्या) नियमशास्त्राचं ओझं लादायचं नाही असं ठरतं. ख्रिस्ती माणूस जुना करार येशूच्या प्रकाशात वाचतो, तो असा. इस्लाममध्येही नंतरच्या आज्ञेनं आधीची बदलल्याची उदाहरणं आहेत. दारूविषयीच्या आयती टप्प्याटप्प्यानं कडक होत गेल्या. तो बदल मात्र त्याच ग्रंथात, त्याच २३ वर्षांतला आहे.

मुस्लिम मित्राच्या घरी कुराण दिसलं तर हात लावावा का?

आधी विचारावं. वजू (हात, तोंड, पाय धुऊन शुद्ध होणं) केल्याशिवाय अरबी मुसहफाला, म्हणजे कुराणाच्या प्रतीला, हात लावू नये, असं बहुसंख्य उलेमा (धर्मविद्वान) मानतात. घरात ते जुजदानात (कापडी वेष्टनात) गुंडाळून उंचावर ठेवतात आणि वाचताना रेहलवर (घडीच्या लाकडी बैठकीवर). त्यावर दुसरं काही ठेवू नका, जमिनीवर ठेवू नका. भाषांतर वाचायला मागितलंत तर बहुतेक जण आनंदानं देतील. घर बदलताना किंवा जुनी पुस्तकं काढताना अरबी मजकुराचं पुस्तक सापडलं तर रद्दीत घालू नका, जवळच्या मशिदीत नेऊन द्या. जीर्ण प्रती आदरानं पुरल्या जातात.

ख्रिस्ती मित्राच्या बायबलात पेन्सिलीच्या खुणा, समासात तारखा, मध्ये वाळलेलं फूल दिसेल. तो अनादर नव्हे, रोजच्या सहवासाची ती रीत आहे. मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) मात्र शुभवर्तमान वाचताना सगळे उभे राहतात, कपाळ, ओठ आणि छातीवर क्रूसाची खूण करतात आणि वाचून झाल्यावर फादर पुस्तकाचं चुंबन घेतात.

वाचायला सुरुवात कुठून करू?

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलंत तर लेवीयापाशी दमछाक होईल. आधी लूक वाचा, मग उत्पत्ती. कुराणही पहिल्या पानापासून नको: फातिहा या पहिल्या सूरहनंतरच्या सूरह साधारण लांबीनुसार लावलेल्या आहेत, काळानुसार नाहीत, त्यामुळे नवखा वाचक दुसऱ्याच सूरहमध्ये अडकतो. फातिहा वाचून थेट तिसाव्या पाऱ्यातल्या छोट्या सूरह घ्या, मग मरियम आणि यूसुफ. सूरह मरियमबरोबर लूकचे पहिले दोन अध्याय, यूसुफबरोबर उत्पत्तीचे ते चौदा. आणि जमलं तर कुराण एकदा ऐका, अर्थ कळला नाही तरी. ते ऐकलं जाण्यासाठीच उतरलं, असं मानणाऱ्यांचा तो ग्रंथ आहे.